डांबरी रस्त्यावर गँग उतरवण्याआधी: मुकादम, सुपरवायझर आणि छोट्या ठेकेदारांसाठी

रस्त्याच्या कामावर माझी अठरा वर्षं गेली, बहुतेक बीड, परभणी आणि लातूर जिल्ह्यांत. पेव्हर लागलाय, रोलर फिरतोय, टिप्परची रांग उभी आहे, असं मोठं काम ड्रायव्हरला लांबूनच कळतं. माझी झोप उडवली ती छोट्या कामांनी. चार खड्डे भरायचे, मोरीतला गाळ काढायचा, साईडपट्टीला मुरूम टाकायचा, पाण्याच्या पाईपासाठी रस्ता आडवा खोदायचा. अशा कामाला पाट्या कोणी काढत नाही. "दोन घमेल्यांचं तर काम हाय साहेब, अर्ध्या तासात उरकतंय," असं मुकादम म्हणतो आणि सगळे मान डोलावतात. मीही डोलावली होती.

डिसेंबरचा महिना, पूर्व-पश्चिम जाणारा दोनपदरी रस्ता, संध्याकाळचे पाच-सव्वापाच. सात जणांची गँग पॅच भरत होती. पाट्या प्लँटवरच्या खोलीत कुलपात होत्या. रस्त्यावर आम्ही काय ठेवलं होतं? चार दगड आणि बाभळीची एक फांदी. आमच्यातल्या एक मावशी खाली वाकून खड्डा खराट्यानं झाडत होत्या, पाठ वाहनांकडे. मावळतीकडे निघालेला पिकअप फांदीवरून सरळ आत आला. दुसऱ्या बाईनं किंकाळी फोडली, मावशी कडेला झेपावल्या, तरी आरसा खांद्याला लागलाच. हाड मोडलं, जीव वाचला. ड्रायव्हर थरथरत एकच सांगत होता, "ऊन डोळ्यावर होतं, फांदी दिसली ती झाडावरनं पडली असंल वाटलं." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जागेवर बसून मी नंतर तो रस्ता पाहिला, तेव्हा मलाही फांदीपलीकडचं काही दिसलं नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालतो. खाली वाकून काम करणाऱ्या माणसाचं लक्ष फावड्यावरच राहणार. "गाड्यांकडे लक्ष ठेवा रे" असं त्याला सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं होत नाही. ड्रायव्हरला वेळेत दिसेल अशी सोय आपण करायची. आणि नाहीच दिसलं, तर त्याच्या आणि माणसाच्या मध्ये मोकळी जागा किंवा काहीतरी जड वस्तू हवी.

आदल्या दिवशी रस्ता बघा

ज्या वेळेला काम करायचंय त्याच वेळेला मोटारसायकलवरून दोन्ही दिशांनी जाऊन या. नकाशावर किंवा दुपारी जीपमधून पाहिलेला रस्ता उपयोगाचा नाही. नांदेड-परभणी-माजलगाव पट्ट्यातले पूर्व-पश्चिम रस्ते सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर ड्रायव्हरला आंधळं करतात. अशा रस्त्यावर ज्या दिशेच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर ऊन येतं, त्या बाजूची लेन त्या वेळेत अडवू नका. सकाळी उगवतीकडे जाणारी लेन सोडा, संध्याकाळी मावळतीकडे जाणारी सोडा. एवढ्या फेरबदलाला एक पैसा लागत नाही.

वळण, चढाचा माथा, पुलाचा कठडा, रस्त्याकडेची वडाची झाडं यांच्या मागे काम लपतंय का ते पाहा. लपत असेल तर पहिली पाटी वळणाच्या अलीकडे गेली पाहिजे, मग अंतर कितीही वाढो. गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो ते चहाच्या टपरीवर विचारून घ्या. नवरात्रात तुळजापूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांची रांग लागते, त्या दिवसांत तिकडच्या रस्त्यांवर साईडपट्टीचं काम काढूच नये. आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं लाल दिवा नाही, टेप मोठ्यानं लावलेला. त्या ड्रायव्हरला तुमची शिट्टी ऐकू येत नाही. त्यानं ब्रेक दाबला तरी मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलत राहते. उसाच्या दिवसांत मी सगळी अंतरं दीडपट धरतो.

पळायची वाटही याच फेरीत ठरवा. पावसाळ्यात काळ्या मातीची साईडपट्टी गुडघाभर चिखल होते, तिच्यात पाय रुतला की माणूस हलत नाही. नालीच्या पलीकडे कोरडी, टणक जागा कुठे आहे ते आधी बघा. नाली रुंद असेल तर दोन फळ्या टाका.

थांबायला किती जागा लागते

हा हिशोब मी प्रत्येक नव्या मुकादमाला खडूनं रस्त्यावर लिहून दाखवतो. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरले, तर गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते, तीही वेग जराही कमी न होता. मग ब्रेक लागायला सुरुवात होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबानं थांबायला ताशी ६० किलोमीटरला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर लागतात. म्हणजे कामापासून वीस पावलांवर ठेवलेला दगड ड्रायव्हरला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

अंतर मोजायला टेप लागत नाही. दोन किलोमीटर दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटा दगड असतो, तो धरा. जिथे दगड उखडले आहेत तिथे साधारण चार पावलांना तीन मीटर धरून चाला: ३०० मीटर म्हणजे ४०० पावलं. वाहनाचा वेग पाटीवर लिहिलेला धरू नका, त्या रस्त्यावर खरोखर गाड्या किती जोरात जातात तो धरा. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर हा लेख पुरणार नाही. तिथे वेगळं साहित्य, वेगळी गस्त लागते आणि छोट्या गँगनं आपल्या भरवशावर तिथे उतरूच नये.

मांडणी, ज्या क्रमानं ड्रायव्हरला दिसते त्या क्रमानं

कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-५५ ही स्वतंत्र पुस्तिका आहे, तिची २०१४ ची आवृत्ती साइटवर ठेवा. तिच्यातला गाभा साधा आहे: आधी सूचना, मग गाडी हळूहळू बाजूला घेणं, मग कामाची जागा, मग पुन्हा मोकळा रस्ता.

राज्यमार्गावर किंवा जिल्हा मार्गावर, जिथे गाड्या साठ-ऐंशीनं धावतात, मी असं लावतो. कामाच्या ३०० मीटर आधी लाल काठाची त्रिकोणी पाटी, फावडं घेतलेल्या माणसाचं चित्र असलेली. २०० मीटरवर वेग कमी करायची पाटी. दीडशेच्या आसपास रस्ता अरुंद झाल्याची. मग तिरकी कोनांची ओळ: साईडपट्टीपासून सुरू करून थोडं थोडं आत येत ५० ते १०० मीटरमध्ये लेन बंद करायची. कोन एकदम आडवे लावले तर ड्रायव्हर शेवटच्या क्षणी स्टेअरिंग मारतो आणि समोरून येणाऱ्याच्या अंगावर जातो. पाऊण मीटरपेक्षा उंच, रेडियमचे पट्टे असलेले कोन घ्या आणि तळाशी वाळूचं पोतं ठेवा, नाहीतर एसटी बाजूनं गेली की वाऱ्यानं कोन लोळतो.

कोनांची ओळ संपते आणि माणसं सुरू होतात, या दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा सोडा. तीस मीटर तरी. सगळ्यात जास्त भांडण मला याच जागेवरून करावं लागतं, कारण ती रिकामी दिसते. कोणी तिथे मोटारसायकल लावतो, कोणी डबे ठेवतो, कोणी खडीचा ढीग ओततो. चुकून आत आलेल्या गाडीला थांबायला ही जागा आहे. आड म्हणून तिच्या तोंडाशी उभा केलेला टिप्पर सोडला, तर तिच्यात काहीही ठेवायचं नाही.

दोनपदरी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाट्या लागतात. आधी समोरच्या बाजूच्या लावा, मग आपल्या. लावताना लांबच्या पाटीपासून सुरुवात करून वाहतुकीच्या दिशेनं कामाकडे या, म्हणजे पुढचं साहित्य उतरवताना मागच्या पाटीचं संरक्षण मिळतं. गँग तोपर्यंत नालीच्या पलीकडे. पहिलं फावडं पाट्या पूर्ण झाल्यावरच.

आता मोटारसायकल काढा आणि स्वतः त्या मांडणीतून दोन्ही दिशांनी एकदा जा. पाटी फांदीमागे गेलीय का? सोयाबीनच्या उंचीत बुडालीय का? कोनांची ओळ तुम्हाला कुठे न्यायला बघतेय, मोकळ्या लेनमध्ये की नालीत? मांडणीतली जवळजवळ प्रत्येक चूक मला अशाच फेरीत सापडली आहे. पाच मिनिटांचं काम आहे, ते मुकादमावर ढकलू नका.

दगड आणि फांद्या ठेवायची सवय मोडून काढा. दगडाला रेडियम नसतो, गाडीची धडक बसली की तो उडून माणसालाच लागतो, आणि काम संपल्यावर तो तिथेच राहतो. रात्री मोटारसायकलवाला त्याच्यावर जातो आणि आपल्याला कळतही नाही.

टिप्परची आड

भरलेला टिप्पर कामाच्या मागे, वाहनं ज्या दिशेनं येतात त्या बाजूला, माणसांपासून २५-३० मीटरवर उभा करा. हँडब्रेक, गिअर, चाकांपुढे लाकडी ठोकळे, ब्लिंकर चालू. स्टेअरिंग असं वळवून ठेवा की मागून धडक बसली तर टिप्पर माणसांच्या दिशेनं न जाता बाजूला निघेल. ड्रायव्हर खाली उतरून नालीपलीकडे बसेल, केबिनमध्ये झोपणार नाही. खडी संपून टिप्पर जायला निघाला की दुसरा येईपर्यंत काम थांबवा. इथेच घाई होते, "येतोय की दुसरा" म्हणत गँग उघड्यावर राहते.

झेंडी कोणाच्या हातात

आपल्याकडे झेंडी म्हाताऱ्या माणसाला किंवा ज्याच्यानं जड काम होत नाही त्याला देतात. माझं याला ठाम उत्तर आहे: झेंडी गँगमधल्या सगळ्यात हुशार, दमदार आवाजाच्या आणि चपळ गड्याला द्या, आणि त्याला खड्डे भरणाऱ्यापेक्षा कमी रोज देऊ नका. सात माणसांचा जीव त्याच्या हातात आहे.

तो साईडपट्टीवर उभा राहील, लेनच्या मधोमध नाही. कोनांच्या ओळीच्या अलीकडे, एकटा, पाठीमागे माणसांचा घोळका किंवा गाडी नको, नाहीतर त्याची आकृती त्यात मिसळते. तोंड कायम येणाऱ्या वाहनांकडे. लाल झेंडी हात पूर्ण लांब करून धरायची, दुसऱ्या हाताचा तळवा ड्रायव्हरला दाखवायचा, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. वेग कमी होत नाही असं दिसलं की गाडी थांबवायच्या नादी न लागता लांब शिट्टी मारून बाजूला व्हायचं. लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी हातातलं टाकून ठरलेल्या वाटेनं शेताकडे पळायचं. ही शिट्टी रोज सकाळी एकदा वाजवून सगळ्यांना खरंच पळायला लावा. पहिल्या दिवशी लोक हसतात, हसू द्या. फावडं टाकायचं, उचलून पळायचं नाही, हे अंगात मुरायला दोन-तीन सकाळी लागतात.

एकच लेन चालू असेल तर दोन्ही टोकांना एकेक झेंडीवाला लागतो. दोघे एकमेकांना दिसत नसतील तर वॉकीटॉकी द्या किंवा मध्ये तिसरा माणूस उभा करा. मोबाईलवर भिस्त ठेवू नका, रेंज जाते आणि फोन कानाला लागला की डोळे रस्त्यावरून हटतात. दोघे एकाच बोलीचे असतील तर उत्तम. एक जुनी युक्ती अजून चालते: सोडलेल्या शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती रंगवलेली काठी द्यायची. ती काठी पलीकडच्या झेंडीवाल्याच्या हातात पडल्याशिवाय त्यानं एकही गाडी सोडायची नाही.

तासाभरानं झेंडीवाला बदला. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. दोन तास उन्हात उभा राहिलेला माणूस उघड्या डोळ्यांनी समोरची गाडी बघत राहतो आणि झेंडी उचलत नाही. मी हे समोर पाहिलंय.

रेडियमचं जाकीट, पदराच्या वर

जाकिटं वाटली म्हणजे झालं असं नाही. आपल्या गँगमध्ये निम्म्या बाया असतात. साडीवर शर्ट, त्यावर जाकीट आणि त्यावरून पदर डोक्यावर. मागून पाहिलं तर पदरानं पाठीवरचे दोन्ही पट्टे झाकलेले असतात. पुरुषाच्या खांद्यावरचा टॉवेलही हेच करतो. जाकीट सगळ्यात वरचं, पदर त्याच्या आत खोचलेला, डोक्याला ऊन लागू नये म्हणून वेगळा रुमाल: हे सांगायला बायांमधलीच एखादी वडीलधारी मावशी निवडा, त्या बरोबर करून घेतात. बायांना पुरुषांच्या मापाची ढगळ जाकिटं देऊ नका, ती वाकताना पुढे लोंबतात आणि मग काढून ठेवली जातात.

खरेदी करताना आयएस १५८०९ हा मानक क्रमांक बघा. पट्टे पूर्ण गोल हवेत, पुढून-मागून आणि खांद्यावरून. पावसाळ्यात हिरव्या शेताच्या पुढे पोपटी जाकीट विरून जातं, नारिंगी उठून दिसतं. डांबर आणि धूळ बसलेला पट्टा उजेड परत फेकत नाही. अंधार पडल्यावर वीस पावलांवरून टॉर्च मारून बघा, पट्टा चमकला नाही तर जाकीट बदला.

आपलीच गाडी आपल्याच माणसावर

बाहेरच्या वाहनांइतकंच भय मागे येणाऱ्या टिप्परचं आणि रोलरचं आहे. मागे घेताना एकाच माणसानं इशारा द्यायचा, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसत राहायचं, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं जागीच थांबायचं. चार जण "येऊ दे, येऊ दे" ओरडतात तेव्हा कोणाचं ऐकायचं ते ड्रायव्हरला कळत नाही. रिव्हर्सचा भोंगा बिघडलेली गाडी कामावर घेऊ नका.

दुपारी सावली शोधत माणसं टिप्परखाली किंवा रोलरच्या आडोशाला आडवी होतात. उघड्या माळावर दुसरी सावली नसते म्हणून होतात, त्यामुळे नुसतं रागावून भागत नाही. ताडपत्री आणि चार बांबू रोज गाडीत टाका आणि रस्त्यापासून लांब, नालीच्या पलीकडे सावली करा. पाण्याचे ड्रम आणि डबे त्याच बाजूला, म्हणजे पाणी प्यायला कोणी रस्ता ओलांडणार नाही. लेकरांची झोळी रस्त्याकडेच्या झाडाला बांधलेली दिसली की काम थांबवा. रांगणारं लेकरू आईच्या दिशेनं म्हणजे रस्त्याकडे येतं, आणि आईचं चित्त तिकडे लागलं की तिलाही धोका. एक बाई फक्त लेकरं सांभाळायला ठेवा, पूर्ण रोजावर. जेवणानंतर कोणतीही गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरनं तिच्याभोवती चालत एक फेरी मारून खाली वाकून बघायचं.

रात्रीचं काम

टाळता येत असेल तर टाळा. रेडियम स्वतः उजेड देत नाही, गाडीचा दिवा त्याच्यावर पडला तरच चमकतो, आणि एकच मिणमिणता दिवा असलेले ट्रॅक्टर काही कमी नाहीत. त्यामुळे रात्री ब्लिंकर हवेच, आणि कामावरचा मोठा दिवा खाली, कामाकडे झुकवलेला, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर न जाणारा. खोदलेला खड्डा रात्रभर उघडा राहणार असेल तर बॅरिकेड, ब्लिंकर आणि रात्रभर जागणारा एक माणूस. डिसेंबर-जानेवारीत गोदावरीच्या काठानं पहाटे धुकं असतं, त्या वेळी ते निवळेपर्यंत गँग रस्त्यावर उतरवायची नाही.

घात झालाच तर

पहिलं काम जखमीकडे धावण्याचं नाही, हे जिवावर येतं पण खरं आहे. एका माणसानं झेंडी घेऊन मागे, थांबायच्या अंतरावर पळायचं, नाहीतर दुसरी गाडी जमलेल्या घोळक्यात घुसते. लगेच १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जागा सांगताना "अमुक फाट्याजवळ" एवढ्यावर न थांबता किलोमीटर दगडावरचा आकडा सांगा. तो सकाळीच मुकादमाच्या वहीत लिहून ठेवलेला असावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. मानेला मार असेल आणि जागेवर आणखी धोका नसेल तर हलवू नका. ड्रायव्हरला मारहाण होऊ देऊ नका, गाडीचा नंबर लिहून घ्या.

गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी केंद्राच्या २०२२ च्या योजनेत मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद लागते, ती करायला माणूस सोबत पाठवा. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात रस्त्याचे मजूरही बसतात: वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवसांचं काम. ९० दिवसांचा दाखला ठेकेदारानं द्यायचा असतो, तो अडवून ठेवू नका. ठेकेदारांनी हेही लक्षात ठेवावं की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या १९८-अ कलमाप्रमाणे रस्त्याच्या बांधणी-दुरुस्तीत सुरक्षेचे मानक न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर १ लाखापर्यंत दंड आहे.

आवरताना

दिवसाच्या शेवटी माणसं दमलेली असतात, गाडीची घाई असते आणि उजेड कमी झालेला असतो. पाट्या आधी गोळा करून मग हत्यारं आवरायची, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. उलटं करा. आधी माणसं, हत्यारं आणि शिल्लक खडी रस्त्याबाहेर. मग कोन, शेवटी लावलेला आधी उचलायचा. मग जवळची पाटी, मग लांबची, आणि झेंडीवाला तोपर्यंत जागेवरच. पाटी रात्रभर उभी राहिली आणि काम काहीच नसलं, तर रोज जाणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून तासाभरासाठी जरी गँग हटली तरी पाटी झाका किंवा आडवी करून नालीपलीकडे टाका.

सांडलेली खडी खराट्यानं झाडून घ्या, मोटारसायकल तिच्यावरच घसरते. मग टिप्परचा फाळका लावायच्या आधी डोकी मोजा, सकाळच्या वहीतल्या आकड्याशी जुळवा. एक कमी भरला तर तो नालीकडे हातपाय धुवायला गेला असेल असं समजून गाडी हलवायची नाही. त्याला आवाज द्या, आणि तो समोर आला की मगच निघा.